कोंडवाड्याचा कोट

मी एक जुना खाकी कोट आहे. अशा हकिकतीत पुढे ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो, मित्रांनो! बाकी आपली मैत्री कधी झाली ते मला आठवत नाही. भिंतीआडून माझ्या पाठीवर शेणाचे गोळे कोणी कोणी मारले, ते मात्र सगळे आठवते. तेव्हा गुमान बसा आणि ऐका.

माझा जन्म रिसोडच्या एका शिंप्याकडे झाला. जाड ड्रिलचे कापड, चार खिसे आणि पुढे पाच पितळी बटणे. मला शिवताना शिंप्याच्या दोन सुया मोडल्या. “हा कोट हाय का पखाल?” असे म्हणत तो दिवसभर कुरकुरत होता. शेजारी लग्नाचे रेशमी कपडे टांगलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून नाक मुरडले. त्यांतला एकही आज शिल्लक नसेल, याचा मला आनंद आहे.

मी ज्याच्या अंगावर चढलो त्याचे नाव जगदेव. तो कोंडवाड्याचा शिपाई होता. आमचे गाव केनवडच्या बाजारापासून तीन कोसांवर. गावाचे नाव मी सांगणार नाही. त्या गावाने मला कधी बरे म्हटले नाही, मग मी कशाला त्याचे नाव करू?

गावाबाहेर जिथे सकाळी सगळी गुरे जमतात, त्या मोकळ्या जागेला आमच्याकडे आखर म्हणतात. आखराच्या कडेलाच आमचा कोंडवाडा. चार दगडी भिंती आणि एक लाकडी फाटक. कोणाचे जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले, की पीकवाला ते हाकलत आमच्याकडे आणायचा. मालक दंड भरल्याची चिठ्ठी घेऊन येईपर्यंत ते आत कोंडून ठेवायचे, हे आमचे काम. आत सावली नव्हती. चारा मिळाला तर मिळाला. वर सूर्य आणि खाली शेण, दुसरे काही नाही.

फाटकाशी आले की गुरे अडायची. काठीने मारले की उधळायची. जगदेवने त्यावर स्वतःची एक युक्ती काढली होती. तो मला एका झटक्यात अंगातून काढायचा, कॉलरला धरायचा आणि हवेत दोनदा फडकवायचा. फाट्, फाट्! माझी बटणे खणखणायची आणि गुरे माना खाली घालून आत शिरायची. पुढे पुढे तर जवळ जायचीही गरज उरली नाही. आखरावरून जगदेवने मला दोनदा फडकवले, की पिकातून आणलेला कळप आपला आपण फाटकाकडे चालू लागायचा. बावीस वर्षांत गावातला एकही बैल असा उरला नाही, ज्याने माझा आवाज ऐकला नव्हता.

मला हे काम आवडत होते. खोटे कशाला बोलू? जगदेव लहानखुरा, खांद्यात वाकलेला माणूस. पण मी अंगावर असलो की लोक त्याला वाट देत. तो म्हाताऱ्यांनाही अरे-तुरे करी. लोक आम्हाला पाठीमागे शिव्या देत, बायका आम्ही गेल्यावर बोटे मोडत. चुकी कोणाची होती? दुसऱ्याच्या ज्वारीत बैल कोण सोडत होते? मी का जगदेव? हेच लोक शेजाऱ्याचा बैल कोंडायला आनंदाने येत आणि स्वतःचा कोंडला गेला की आम्हाला राक्षस म्हणत. असल्या लोकांकडून प्रेम मिळाले नाही, याचे मला मुळीच दुःख नव्हते.

एकदा मृगाचा पाऊस होऊन वाफसा झाला होता, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल आली होती. त्याच दिवशी बबनरावचे दोन्ही बैल दावे तोडून एकाच्या मळ्यात शिरले आणि आमच्याकडे आले. बबनराव म्हणजे जगदेवच्या बांधाला बांध असलेला शेतकरी. तो हात जोडून म्हणाला, “जगदेवा, आज सोड. उद्या चिठ्ठी आनून देतो. माया वावराचा वाफसा चालला.” जगदेवने माझ्या खिशात हात घातले आणि म्हणाला, “चिठ्ठी आन, बैल ने. मले नियम शिकवू नको.” चिठ्ठी देणारा बाबू परगावी गेलेला होता. बैल दोन दिवस आत उभे राहिले आणि बबनरावचा वाफसा गेला. त्या वर्षी त्याचे पीक अर्धेच आले. त्यानंतर तो जगदेवशी बोलला नाही.

१९५७च्या उन्हाळ्यात जगदेव निवृत्त झाला. हार नाही, नारळ नाही. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा मोहनसिंग नावाचा तरणा माणूस त्याच्या जागी आला. तो कोरा करकरीत नवा कोट घालूनच आला होता. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. जगदेव मला कोंडवाड्याच्या खुंटीवर ठेवू लागला, तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या ना मामा. मले नवा भेटला. हा तुमच्या घामाचा हाय, घरी घेऊन जा.”

आणि जगदेव मला घरी घेऊन गेला. सगळा घोटाळा तिथे झाला.

त्याची बायको गोजराबाई. तिने मला दारातच अडवले. “हे काहून आनलं घरात?”

“माया कोट हाय. कुठं ठेवू मंग?”

“नोकरी गेली, कोट कायले पायजे? फाडून द्या, उखळाखाली घालाले होईन.”

जगदेव चिडला. म्हणाला, “हा काढला तं मले गावात ओयखन कोन?”

“तेच तं म्हनते मी,” गोजराबाई म्हणाली. “ओयखतेत म्हनूनच कोनी दारात येत नाही.”

मी तिचा राग राग केला. तिनेही माझा केला. एका बाजाराच्या दिवशी जगदेव झोपलेला पाहून तिने मला पिशवीत कोंबले आणि केनवडला एका उघड्या अंगाच्या भिकाऱ्याला देऊन टाकले. पुढच्या बाजाराला तो भिकारी मला घेऊन परत हजर! “बाई, तुमची वस्तू तुमी ठेवा,” तो म्हणाला. “आठ दिवस झाले, कोनी भाकर नाही वाढली. हा कोट पाह्यला का लोक कुत्रं सोडतेत.” भिकाऱ्यानेही नाकारलेला कोट! हसा, खुशाल हसा. मला त्या दिवशी इतका अपमान वाटला, की संबंध गाव पुन्हा एकदा कोंडवाड्यात घालावे असे वाटले.

जगदेवला बापाकडून आलेले पाच एकर वावर होते. नोकरीत असताना ते बटाईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने दिलेले असे. आता तो स्वतः पेरणार होता, पण बैल एकच होता, हरण्या. गोजराबाईच्या भावाने तो दिलेला. अशा वेळी एक बैल असलेली दोन माणसे एकत्र येतात, जोडी जमवतात आणि पाळीपाळीने दोघांची वावरे करतात. याला सावड म्हणतात. जगदेव सावडीसाठी घरोघर फिरला. ज्यांना आयुष्यभर ‘तू’ म्हटले, त्यांना ‘तुमी’ म्हणू लागला. मला ते ऐकवत नव्हते. एकाने तोंडावर सांगितले, “माया बैल तुया बैलासंगं जुपला तं रडन.” मृगात सगळ्या गावाची पेरणी झाली आणि जगदेवच्या वावरात कमरेइतके गवत उभे राहिले.

आषाढात बबनरावचा एक बैल सापाने गेला. उरला तो मोऱ्या. आता त्यालाही जोडीदार हवा होता. रब्बीचा हरभरा दोघांनाही पेरायचा होता. पुरुष बोलेनात, पण गोजराबाई आणि बबनरावची बायको रंगूबाई विहिरीवर भेटत. त्या दोघींनी ठरवून टाकले. पोळ्याला हरण्या आणि मोऱ्या जोडीने उभे करायचे. सगळ्या गावासमोर ही जोडी तोरणाखालून गेली, की सावड पक्की. गेली नाही, तर जगदेवचे वावर या वर्षी पडीक आणि पुढच्या वर्षीही पडीक, कारण दुसरे कोणी त्याला दारात उभे करणार नव्हते.

बबनराव कसाबसा तयार झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो दाराशी आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, “उद्या चांगले कपडे घालून ये. चार लोकांत उभं राहाचं हाय.” एवढे बोलून तो गेला. जगदेवला आनंदाने काय करावे ते सुचेना. त्याने हळद आणि तूप घेऊन हरण्याचे खांदे कितीतरी वेळ चोळले.

पोळ्याच्या दिवशी गोजराबाईने धुतलेले धोतर आणि पांढरा सदरा खाटेवर काढून ठेवला आणि ती रंगूबाईकडे पोळ्या लाटायला गेली. जगदेवने धोतर नेसले, सदरा घातला. मग माझ्याकडे पाहिले. बावीस वर्षांत कलेक्टर आले तेव्हा, मंत्री आले तेव्हा, पोरीच्या लग्नात व्याह्याला भेटताना, प्रत्येक वेळी त्याने मलाच घातले होते. चांगले कपडे म्हणजे त्याला दुसरे काही माहीतच नव्हते. त्याने राखेने माझी बटणे घासली आणि मला अंगावर चढवले. मी खूश झालो. दाखवू म्हटले या गावाला.

आखरावर तोरण बांधले होते. बैल रांगेने उभे होते. अंगावर झुली, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. आमच्या गावी पहिला मान जानराव पाटलांच्या जोडीचा. ती तोरण तोडणार आणि मग बाकीच्यांनी तिच्या मागून जायचे. हरण्याला घेऊन आम्ही जवळ येताच बैलांचे कान उभे राहू लागले. नाकपुड्या फुगल्या. मला ते ओळखीचे वाटले.

बबनरावने आम्हाला पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. “हे काय घालून आला बे तू?”

“तुमीच म्हनलं ना, चांगले कपडे घालून ये.”

“हे चांगले कपडे हायेत?”

तेवढ्यात झडत्या सुरू झाल्या. पोळ्याला आमच्याकडे बैलांसमोर हात उंचावून चिमटे काढणारी कवने म्हणतात, त्या झडत्या. एकाने आमच्याकडे बोट दाखवून सूर लावला:

“काया दगडाचा कोंडवाडा, त्याले दगडाचं कुसू,
बैल आमचे उपाशी, अन् शिपायाले येते हासू!
हर बोला, हर हर महादेव!”

सगळे आखर हसले. बायकांच्या घोळक्यातून गोजराबाई धावत आली. तिच्या हाताला अजून पीठ होते. “काढा तो आंदी! मी सदरा ठेवला होता ना तुमच्यासाठी!”

“सदरा आतून घातला,” जगदेव पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

बबनरावने मोऱ्याचे दावे धरले. “आत्ताच्या आत्ता काढ. नाही तं मी माया बैल घेऊन चाललो.”

जगदेवने मला काढले. मित्रांनो, इथे नीट ऐका. त्याला मला फक्त अंगातून काढायचे होते. पण हाताला बावीस वर्षांची सवय. एका झटक्यात काढले, कॉलरला धरले आणि त्याला कळायच्या आत हाताने मला हवेत दोनदा फडकवले.

मी हळू वाजू शकलो असतो का? माहीत नाही. मी जीव खाऊन वाजलो. चार महिने मला कोणी फडकवले नव्हते आणि समोर ते हसणारे गाव उभे होते.

फाट्, फाट्!

सगळे बैल एकदम वळले. कासरे हातांतून सुटले. पाटलाची जोडी, हरण्या, मोऱ्या, सगळे तोरणाखाली घुसले. तोरण तुटून कोणाच्या शिंगात अडकले ते कळलेच नाही. मी जगदेवच्या हातून गळून पडलो आणि कितीतरी खूर माझ्यावरून गेले. बैल रानात पळाले नाहीत, घरीही गेले नाहीत. ते सरळ कोंडवाड्याकडे गेले. फाटक उघडेच होते. एकामागून एक ते आत शिरले आणि भिंतीशी माना खाली घालून उभे राहिले. झुली, रंगवलेली शिंगे, घुंगरमाळा, सगळे तसेच अंगावर. सणाच्या दिवशी गावाचे सगळे बैल आपल्या पायांनी कोंडवाड्यात!

लोक फाटकाकडे धावले. मग रंगूबाई रडू लागली. मोहनसिंग फाटकाशी उभा होता, तो म्हणाला, “मामा, मी कोनालेच नाही हाकललं. हे आपलेच अंदर घुसले.”

जानराव पाटील पुढे आले. “तीन पिढ्यांत असं झालं नव्हतं, जगदेवा. तुले गावात ठेवाव का नाही, हेच आता पाहा लागन.”

बबनराव थुंकला. “सावड नाही, काही नाही. तुयं वावर अन् तू.”

मालक बैलांना आणायला आत गेले. बैल हलेनात. ओढले तर भिंतीला अंग घासत, एकमेकांना शिंगे लावू लागले. दाटीत एकाच्या झुलीचा चिंधडा झाला. एका माणसाच्या बरगडीला शिंग चाटून गेले. संध्याकाळ होत आली. घरोघरी पुरणाची ताटे बैलांसाठी वाढून ठेवलेली आणि बैल इथे उपाशी.

“तूच घातले, तूच काढ,” बबनराव म्हणाला.

जगदेवने जमिनीवर पडलेल्या माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता मला उचलेल. माझ्याशिवाय तो त्या फाटकात कधीच गेला नव्हता. पण तो नुसता पांढऱ्या सदऱ्यावर आत गेला. तो भ्यालेला होता, मला दिसत होते. ज्यांना बावीस वर्षे उपाशी ठेवले, त्यांच्या शिंगांत तो एकटा गेला. आता हा मरतो, असेच मी धरले.

काही झाले नाही. बैल बिथरले नाहीत. मोऱ्याने मान उचलली, त्याच्या हाताचा वास घेतला. हातांना कालचे हळद-तूप लागलेले होते. मोऱ्या ते चाटू लागला. जगदेव तिथेच उभा राहून ढसाढसा रडला. “मले माफ कर बावा,” तो बैलाला म्हणत होता. मग एका हातात मोऱ्या, एका हातात हरण्या धरून तो हळूहळू बाहेर आला. त्यांच्या मागे बाकीचे बैलही बाहेर पडले.

बावीस वर्षे मी समजत होतो, की गुरे आम्हा दोघांना भितात. त्या संध्याकाळी कळले, ती फक्त मला भीत होती. त्याला तर ती ओळखतही नव्हती. हे मला सहन झाले नाही. अजून होत नाही.

बबनराव पुढे झाला. मग त्याने मोऱ्याचा कासरा घेतला आणि तोंड फिरवून म्हणाला, “परवा वखर घेऊन ये. तुयासाठी नाही, मोऱ्यासाठी. अन् तो कोट मले पुन्हा दिसला नाही पायजे.”

जगदेव माझ्या शेजारून गेला. गोजराबाईने विचारले, “याचं काय करू?”

“पडू दे,” तो म्हणाला.

बावीस वर्षांनंतर एवढेच! मी त्याला थंडीत सांभाळले, चार लोकांत मोठे केले. गाव मला शिव्या देई त्याचे काही वाटत नव्हते, पण हे मला फार लागले.

मला मोहनसिंगने उचलले. त्याने मला झटकले, नीट पाहिले आणि फाटकाच्या खांबाला टांगले. त्याचे डोके चालते. त्याचा नवा कोट गुरे जुमानत नाहीत, म्हणून मी हवा. जगदेव निवृत्त झाला. मला कोणी निवृत्त केले नाही.

दिवाळीनंतर एकदा जगदेव बबनरावच्या बंडीवर बसून समोरून गेला. हरभरा पेरून झाला होता. मला पाहताच मोऱ्या जागीच अडला. जगदेव खाली उतरला, माझ्या आणि बैलाच्या मध्ये उभा राहिला, खांद्यावरचा शेला त्याच्या डोळ्यांवर धरला आणि त्याला पुढे घेऊन गेला. माझ्याकडे पाठ होती. सदरा कोपराला फाटलेला होता. मला वाटले, हाक मारावी. पण कोटाला हाक कुठली?

मित्रांनो, शेवटी ‘वस्तू जपून ठेवा’ असे सांगायचे असते. मी सांगणार नाही. मला जपून ठेवले म्हणूनच हे झाले. नोकरी सुटेल त्या दिवशी तिचे कपडे तिथल्या तिथे उतरवा, टरकावा, त्यांची फडकी करा आणि आपल्या सदऱ्यावर घरी जा. खुंटीला टांगून ठेवू नका. कोणाला देऊही नका.

माझा राग अजून गेलेला नाही. पण वारा सुटला की मी आपोआप फडकतो. काल रस्त्याने एक गाय चालली होती. ती दचकली आणि मुकाट आत शिरली. तिच्या मागे तिचे वासरू शिरले. ते चार दिवसांचे होते, त्याने कोणाचे काही खाल्ले नव्हते. त्यांना कोणी हाकललेही नव्हते. ते आत उभे राहून ओरडत होते आणि मी वर फडकत होतो, मला थांबता येत नव्हते. कोणीतरी या आणि मला इथून काढा. चुलीत घातले तरी चालेल.